भाता कोण मारतंय?

१

हर्षालीच्या चाली तिचे पप्पा लावून देतात, याबद्दल सरिताच्या मनात कधी शंकाच नव्हती. सात वर्षांची पोर, जिला अजून बुटाच्या नाड्या धड बांधता येत नाहीत, ती शाळेच्या प्रार्थनेला अशी चाल लावते की मुख्याध्यापिका बाई चष्मा काढून डोळे पुसतात? काहीतरीच! आणि बाप कोण, तर शेखर. पोटासाठी अंबडच्या कारखान्यात फिटर झाला, पण जीव सगळा पेटीत. भजनी मंडळात त्याची बोटं फिरायला लागली की म्हातारेकोतारेसुद्धा मान डोलावतात. मग यात न कळण्यासारखं काय होतं?

सरिता बोलायची मात्र नाही. "सगळं तिचंच हो, आम्ही हातसुद्धा लावत नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ठासून सांगायची आणि मनातल्या मनात नवऱ्याला हसायची. लग्नाआधी शेखरला संगीतातच काहीतरी करायचं होतं. ते राहून गेलं. आता लेकीच्या नावानं का होईना त्याच्या चाली लोक गुणगुणतात, तर गुणगुणू देत बिचाऱ्याच्या. कुणाचं काय जातंय?

घर नाशिकच्या सिडकोतलं, पवननगरला, पहिल्या मजल्यावर. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी आणि एक आतली खोली. त्या आतल्या खोलीत ती पायपेटी होती. दिवाळीनंतर मंडळाची अडगळ काढली तेव्हा शेखरनं ती टेम्पोत घालून आणली होती. उभी, चांगली टेबलाएवढी. हिला हवा हातानं द्यायची नाही. खाली दोन फळ्या असतात, त्या पायांनी आळीपाळीनं दाबायच्या की आतला भाता फुगतो. दोन्ही हात वाजवायला मोकळे. कुणाची होती, कुठून आली, हे मंडळात कुणालाच सांगता आलं नाही आणि खरं सांगायचं तर कुणी फारसं विचारलंही नाही.

हर्षाली चणीनं लहान. उंच स्टुलावर उशी ठेवून तिला बसवावं लागायचं आणि तेवढं करून तिचे पाय फळ्यांच्या वीतभर वरच लोंबकळायचे. म्हणून सुरुवातीला शेखर खाली जमिनीवर बसून हातांनी फळ्या दाबायचा. "खाली बघायचं नाही," असं तिला शिकवायचा. "बोटांकडं नाही, पायांकडं नाही. समोर बघून वाजवायचं." ती शहाण्यासारखी समोरच्या भिंतीकडं बघून वाजवायची आणि थोड्याच दिवसांत तिच्या चाली सुरू झाल्या.

चाल लावताना दार मात्र बंद. कुणी बघितलं की हर्षालीला लाज वाटायची. सरिताही कधी दार लोटून आत गेली नाही. आत शेखर लेकीला पढवत बसला असणार आणि आपण जाऊन त्याला रंगेहाथ पकडायचं, हे तिला नको वाटायचं.

२

हर्षालीच्या चाली शाळेतून सोसायटीत, सोसायटीतून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि तिथून थेट शहरातल्या एका संस्थेच्या कानावर गेल्या. त्यांनी मुलीच्या चालींचा आख्खा कार्यक्रम ठरवला. सभागृह, बॅनर, मोठी मुलं गाणार आणि चाली हर्षालीच्या. झालं, तिथूनच लोकांच्या पोटात दुखायला लागलं.

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बाप पेटीवाला असल्यावर कुणाचीही मुलगी संगीतकार." त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी हर्षाली शाळेतून आली ती तोंड पाडून. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मम्मी, मी खोटारडी आहे का गं? सगळी मुलं म्हणतात."

इतके दिवस सरिताला जी गंमत वाटत होती तिची गंमत त्या क्षणाला संपली. लेकीला जवळ घेऊन ती म्हणाली, "कोण म्हणतं? मी बघते त्यांच्याकडं." पण बघणार काय, कपाळ? तिला स्वतःलाच तर तेच वाटत होतं.

ही कुजबुज संस्थेपर्यंतही गेली आणि त्यांनी मार्ग काढला. मंजुषाताई म्हणून जुन्या संगीतशिक्षिका होत्या, नाशिकच्या निम्म्या गाणाऱ्या मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्या रविवारी सकाळी घरी येणार, मुलीला एक कोरी कविता देणार, तिनं त्यांच्यासमोर चाल लावायची. आईवडील खोलीबाहेर. जमलं तर कार्यक्रम, नाही जमलं तर रद्द आणि मग आयुष्यभर तो शिक्का. शेखर फोनवर "हो हो, चालेल की" म्हणाला आणि त्यानं सरिताकडं असं बघितलं, जसं काही परीक्षा तिचीच आहे. सरिताला ते बघणं विचित्र वाटलं. पण आमटी उतू जात होती, ती आत पळाली.

३

सरिता गंगापूर रोडला एका लॅबमध्ये काम करायची. रक्त घ्यायचं, तपासायचं, जे दिसेल ते लिहायचं. बाई हिशेबी डोक्याची. भूतखेत, नजर, उतारा असलं काही तिच्याजवळ चालायचं नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी लॅबचं मशीन बिघडलं आणि ती लवकर घरी आली. खाली मंगलाबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. मंगलाबाई सायखेड्याच्या. मुलाकडं राहायला आलेल्या, आणि शाळा सुटल्यावर हर्षालीला जेवू घालायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं. वरून पायपेटीचे सूर येत होते. जिन्यात उभं राहून ऐकत राहावं अशी चाल होती.

"लय ग्वाड वाजवती गं पोर," मंगलाबाई म्हणाल्या. "अन् भाऊ बी आज घरीच हाय वाटतं. कवाधरनं धप धप चालू हाय, माझा पंखा हालतो इथं."

"असतील," सरिता म्हणाली आणि जिना चढायला लागली. अर्ध्यात थांबली. शेखरची या आठवड्यात दुसरी पाळी. तो जेवून केव्हाच अंबडला गेलेला असणार. खाली त्याची मोटारसायकलही नव्हती.

धप. धप. तिला आता तेच ऐकू यायला लागलं. सुरांच्या खाली, संथ, एकसारखं. डावी फळी, उजवी फळी.

तिनं आवाज न करता आपल्या किल्लीनं लॅच उघडलं. आतल्या खोलीचं दार आज पूर्ण लागलं नव्हतं, बोटभर फट होती. फटीतून हर्षाली पाठमोरी दिसली. दोन वेण्या, शाळेचाच ड्रेस, दोन्ही हात पट्ट्यांवर. पाय स्टुलावरून खाली लोंबकळत होते आणि ती ते आपल्याच नादात झुलवत होती. पायांचा ताल वेगळा. फळ्यांचा वेगळा.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सरितानं दार ढकललं. सूर एक क्षण तसाच राहिला, मग हवा संपत गेल्यासारखा खाली खाली जात बंद पडला.

"मम्मी! आज लवकर?" हर्षाली वळली. मग स्टुलावरून वाकून खाली बघितलं आणि जरा गोंधळली. "पप्पा कुठं गेले?"

४

सरितानं स्वतःला चांगलं खडसावलं. जुना भाता, एकदा भरला की हवा धरून ठेवत असेल. मंगलाबाईंना म्हातारपणी काहीही ऐकू येतं. आणि फळ्यांचा आवाज? लाकूड आहे, आपोआप वर येताना वाजत असेल. तिला हे सगळं पटलं. फक्त रात्रीची पोळी तिनं अर्धीच खाऊन झाकून ठेवली.

शेखर पाळीवरून येईपर्यंत ती जागी राहिली. त्यानं हातपाय धुतले, ताटावर बसला, तेव्हा तिनं विषय काढला.

"अहो, एक विचारू? रागवू नका. पोरीला चाली तुम्हीच लावून देता ना?"

शेखरचा घास हातातच राहिला. "मी?"

"मला काही वाईट नाही वाटत. फक्त रविवारी काय करायचं ते ठरवू या."

"अगं सरिता," शेखर अगदी हळू म्हणाला, "मला वाटलं, तू."

मग शेखर भडाभडा बोलायला लागला. कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं गायलेलं गाणं त्याला अजून आठवत होतं. लग्नानंतर गाणं सुटलं, आपल्या घरात तिची हौस मेली, म्हणून त्याला आतून अपराधी वाटायचं. चाली ऐकल्या आणि त्याला वाटलं, सरिता परत गायला लागली, लेकीच्या आडून. म्हणून तो गप्प बसला. तिचं गुपित फोडायचं नाही म्हणून दारही उघडायचा नाही.

सरिताला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. काय हे दोघं! एकाच घरात राहून एकमेकांवर उपकार करत बसलेली माणसं. हा पाळीवरून येऊन तोंडावर रुमाल टाकून झोपायचा, झोपेत पेटी ऐकायचा आणि समजायचा बायको आहे आत. ही रविवारी पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि समजायची नवरा आहे आत. नवरा गॅलरीत सायकलचं पंक्चर काढत असायचा.

"ते जाऊ दे," सरिता म्हणाली. "भाता कोण मारतं?"

शेखर म्हणाला, "मी तर मागंच सोडलं. कंबर धरायला लागली. मला वाटलं, तू बसतेस."

स्वयंपाकघरात फ्रीज चालू झाला तेवढ्या आवाजानंही दोघं दचकले.

५

सकाळी वेणी घालता घालता सरितानं हर्षालीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "पेटी वाजवताना खाली कोण बसतं गं?"

"तुम्हीच ना," हर्षाली म्हणाली. "कधी तू, कधी पप्पा."

"बघतेस का तू?"

"खाली बघायचं नसतं ना! पप्पांनीच सांगितलंय." मग शहाणपणानं पुढं म्हणाली, "मला न बघता कळतं. श्वास ऐकू येतो. जोरात आला की पप्पा. हळू आला की तू."

सरिताच्या हातातली रिबन निसटली. ती उचलून तिनं घट्ट गाठ मारली, इतकी की हर्षाली "आई गं" करून ओरडली.

"आणि चाल कोण सांगतं? खालून कुणी सांगतं का?"

"तुम्ही कुठं सांगता? तुम्ही काहीच बोलत नाही," हर्षालीच्या आवाजात तक्रार होती. "मीच शोधते. कधी कधी सापडतच नाही. तरी तुम्ही हवा देत राहता."

पोर शाळेत गेली. सरिताच्या डोक्यात मात्र भुंगा लागला. चाली सुरू झाल्या त्या पायपेटी आल्यावर. त्याआधी पोरीनं कधी एक ओळ गुणगुणली नव्हती. रविवारी मंजुषाताईंसमोर ही जे काही वाजवेल ते तिचं असेल का? की बाप नाही, आई नाही, आणि तिसरंच कुणीतरी? लोक म्हणतात तसं आपलं लेकरू खरंच कुणाच्या तरी हातातलं असेल तर? ती लॅबची बाई होती. तपासल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

घराबाहेर पडण्याआधी तिनं हर्षालीच्या अंगाला लावायच्या पावडरचा डबा घेतला आणि दोन्ही फळ्यांवर पातळ थर भुरभुरला. स्वतःच्याच वेडेपणाची तिला लाज वाटली.

त्या दिवशी ती अर्धी सुट्टी काढून आली. हर्षाली खाली मंगलाबाईंकडं लाडू खात होती. "मी वाजवून आले पण," तिनं तोंडातल्या लाडवासकट सांगितलं. सरिता एकटी वर गेली. आतल्या खोलीत मोबाईलचा उजेड पाडून वाकली.

फळ्यांवरची पावडर मधोमध पुसली गेली होती. एकेका फळीवर एकेक लांबट जागा, टाचेकडं गोल. सरितानं चप्पल काढून आपलं पाऊल शेजारी धरलं. तिच्यापेक्षा लांब होतं. शेखरचं पाऊल म्हणावं तर त्याचं पसरट आहे, हे अरुंद होतं. ती उभी राहिली, खोलीची खिडकी उघडली, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं त्याच्याकडं थोडा वेळ बघत राहिली. पावडर पुसायचं धाडस तिला झालं नाही.

६

"रद्द करू," शेखर म्हणाला. "ताप आलाय म्हणून सांगू."

"आणि मग? खोटारडीच ठरवायची का तिला?" सरिता म्हणाली. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त तिला राग आला होता. कशाचा ते कळत नव्हतं. "ती पायपेटीवर बसणार नाही. तुमची हातपेटी द्यायची. जमिनीवर मांडी घालून, स्वतःच्या हातानं भाता मारून. काय ते एकदा कळू दे. लोकांना नाही, मला."

रविवारी मंजुषाताई आल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, जिना चढून दम लागलेला. चहाला नको म्हणाल्या. त्यांनी स्वतःच चार ओळी जुळवून आणल्या होत्या, म्हणजे कुणाला आधी माहीत असायचा प्रश्नच नको. त्यांनी त्या मोठ्यानं वाचल्या:

"गच्चीवरती वाळत होती आईची ओली साडी,
वाऱ्यानं ती फुगली तेव्हा झाली तिची होडी.
होडीत बसून निघाले मी, परतीला नाही वाट,
आईनंच मग धरून ठेवला हातात तिचा काठ."

हर्षालीनं कागद घेतला आणि मम्मीकडं बघितलं. सरितानं मान हलवली. दार बंद झालं. आत हर्षाली, हातपेटी आणि मंजुषाताई. आणि कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेली पायपेटी.

नवराबायको स्वयंपाकघरात उभे राहिले. आतून एक सूर आला. थांबला. परत तोच. मग खालचा. एका हातानं भाता मारायची सवय नसल्यामुळं सूर गचके खात होता. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. शेखर ओट्याची कड घट्ट धरून उभा होता.

"सापडत नाहीये तिला," तो कुजबुजला.

आणि तेव्हा ते सुरू झालं. धप. धप. संथ, एकसारखं. डावी फळी, उजवी फळी. सूर नाही, नुसती हवा. पट्ट्यांवर कुणाचं बोट नव्हतं, तरी भाता भरत होता, कुणीतरी तयार होऊन वाट बघत बसावं तसा.

सरितानं शेखरकडं बघितलं, शेखरनं सरिताकडं. दोघंही इथं होते. आता एकमेकांवर ढकलायलाही जागा नव्हती.

"काय हो, खाली गिरणी आहे का?" आतून मंजुषाताईंचा आवाज आला.

सरिता दाराकडं धावली. कडीवर हात ठेवला आणि तिथंच थांबली. आत गेलं तर परीक्षा संपली. नाही गेलं तर? दाराला तोंड लावून ती पुटपुटली. काय पुटपुटली ते शेखरला नीट ऐकू आलं नाही, पण कुणाला उद्देशून ते त्याला कळलं. "नको. आज नको. तिचं तिला करू द्या. हात जोडते."

धप. मग थोडं थांबून आणखी एक, अर्धवट. मग बंद.

खोलीत एवढी शांतता झाली की कागदाची सळसळ ऐकू आली. हर्षालीनं खाकरून घसा साफ केला, मोठ्या माणसासारखा. हातपेटीचा भाता कुरकुरला. आणि एक ओळ आली. वेडीवाकडी, मध्येच हवा कमी पडलेली, पण आली. मागोमाग दुसरी. "फुगली" म्हणताना सूर असा वर गेला की सरिताच्या अंगावर काटा आला, आणि या वेळी तो चांगला काटा होता. शेखरनं तोंडावर हात दाबला. त्याचे खांदे हलत होते.

७

मंजुषाताई बाहेर आल्या त्या आधी खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "आता चहा चालेल."

"ताई, म्हणजे..." शेखरला पुढं विचारवेना.

"अहो, तिचीच आहे की चाल. ही पण आणि बाकीच्या पण. मी घरून सगळी रेकॉर्डिंगं ऐकून आले होते, मला तेव्हाच वाटलं होतं. आज खात्री झाली." ताईंनी पदरानं घाम टिपला. "‘गच्चीवरती वाळत होती’ इथं ओळ मोडते की नाही? तुम्ही आम्ही तिथं थांबू, नाहीतर आख्खी ओळ एका दमात म्हणू. ही कुठं थांबली? ‘आईची’ म्हटल्यावर. का? तर तिच्या छातीतली हवा तिथंच संपते. आणि जिथं श्वास संपला तिथंच तिनं ती जागा अशी सजवली की वाटावं, साडी वाऱ्यावर थबकली. मोठ्या माणसाला हे सुचणार नाही हो. त्याला गरजच पडत नाही. हिच्या सगळ्या चाली हिच्या छातीच्या मापाच्या आहेत. त्या ग्रुपवरच्या शहाण्यांना मी सांगते काय सांगायचं ते."

इतके दिवस सरिताच्या छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. तिचीच. सगळी तिचीच. हर्षाली दारात उभी होती, बोटं चोळत. "मम्मी, हातपेटी लय बेकार आहे," ती म्हणाली. "हात दुखला." सरितानं तिला ओढून घेतलं आणि इतके मुके घेतले की ती वैतागली.

ताई गेल्या. मंगलाबाई लाडवांचा डबा घेऊन वर आल्या, पोरीची दृष्ट काढून खाली गेल्या. दुपार झाली. जेवणं झाली. आणि हर्षाली म्हणाली, "आता मोठ्या पेटीवर वाजवून बघू? ती होडी?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शेखरचा चेहरा उतरला. पण सरिता उठली. तिला एक गोष्ट आता स्वच्छ कळली होती. जे कुणी होतं त्यानं पोरीला एक अक्षर सांगितलं नव्हतं. फक्त हवा दिली होती. आणि ते काम दुसऱ्या कुणाचंच नव्हतं, त्या दोघांचं होतं.

तिनं चादर काढली. हर्षालीला उचलून उशीवर बसवलं. "समोर बघ," म्हणाली. मग ती आणि शेखर खाली जमिनीवर बसले, खांद्याला खांदा लावून. तिनं डाव्या फळीवर तळहात ठेवला, त्यानं उजव्या. फळ्यांवर अजून पावडर होती.

तिनं दाबायच्या आधीच फळी खाली गेली.

तिच्या हाताखालून, आपसूक, सवयीनं. फळ्यांच्या पलीकडं, आत, जिथं भात्याचं कातडं काळोखात नाहीसं होतं, तिथं तिला काहीतरी पांढुरकं दिसलं. पावडर लागलेला पायाचा तळवा. लांबट, अरुंद. तिनं नीट बघेपर्यंत तो आत ओढला गेला, दुसऱ्याची बसायची जागा आहे हे कळून पाय आवरून घ्यावेत तसा.

ओरडायला हवं होतं. का कुणास ठाऊक, तिच्या तोंडून दुसरंच निघालं. "दमला असाल," ती म्हणाली. "आता आम्ही आहोत."

अगदी तिच्या कानाजवळ कुणीतरी लांब श्वास सोडला. पाळी संपल्यावर शेखर दारात टेकून सोडतो तसला. आणि तिच्या हाताखालची फळी जड झाली. चांगली जड, गंजक्या स्प्रिंगची, जुन्या लाकडाची. दाबायला खांद्यातून जोर लावावा लागला.

"बाप रे," शेखर म्हणाला. "ही एवढी जड होती?"

हर्षालीनं होडीची चाल सुरू केली. दोन्ही हात मोकळे, सूर भरून आला. "आईची" म्हणून थांबली आणि श्वास घेतला, तिथंच, तशीच. खाली नवराबायको आळीपाळीनं फळ्या दाबत होते आणि घामाघूम होत होते. ताल सारखा चुकत होता.

"आज दोघंपण आहात," भिंतीकडं बघतच हर्षाली म्हणाली.

सरितानं विचारलं. विचारताना आवाज कापायला नको म्हणून तिनं फळी जोरात दाबली. "अजून कुणी आहे का गं?"

हर्षालीनं बोटं थांबवली. मान जराशी कलती करून ऐकलं. खोलीत फक्त दोघांचा धापा टाकल्याचा आवाज होता.

"नाही," ती म्हणाली. "दोघंच. पण पप्पा, हळू मारताय तुम्ही. नीट मारा ना."

शेखर हसायला लागला. सरितानं पदरानं डोळे पुसले, कंबर जरा मोकळी केली आणि परत फळीवर दोन्ही हात ठेवले.